मोटर भरण्याचा उक्ता दर मी का सोडला

निपाणीत माझे मोटर रिवाइंडिंगचे, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटरीत तांब्याची नवी तार भरून देण्याचे, लहानसे दुकान आहे आणि गिऱ्हाईक बहुतेक ऊस व तंबाखू करणारे शेतकरी आहेत. दुकान सुरू केले तेव्हा दर ठरवण्यासाठी मी वेगळा विचार केलाच नाही. कागल आणि चिक्कोडीकडे जो दर चालतो असे ऐकले, तोच लावला. पाच एचपीची मोटर भरून देण्याचे उक्ते ३,२०० रुपये, बेअरिंग वेगळे, आणि जळालेली तार रिवाजाप्रमाणे दुकानाची.

२०२३ मध्ये पाऊस कमी झाला आणि कर्नाटकातील बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले. पुढच्या उन्हाळ्यात माझ्याकडे जळालेल्या मोटरींची रांग लागली. काम जवळजवळ दुप्पट झाले; तरीही जूनमध्ये तारेच्या व्यापाऱ्याचे बिल भागवायला हातात पैसे नव्हते. त्याआधी मे महिन्यात लंडनच्या बाजारात तांबे टनाला ११,००० डॉलरच्या वर गेले होते आणि मला किलोला ८५० रुपयांना मिळणारी तार १,००० रुपयांवर पोहोचली होती. पाच एचपीला साधारण तीन किलो तार लागते. तिचे ३,००० आणि वार्निश, कागद, स्लीव्हचे ३५० धरले की ३,३५० रुपये खर्च होत होता, म्हणजे घेतलेल्या पैशांपेक्षा दीडशे जास्तच. माझी मजुरी निघत होती ती केवळ अडीच किलो जुन्या तांब्याच्या विक्रीतून, आणि हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते, याची आजही लाज वाटते.

मग मी महिनाभर वहीत तास लिहून काढले. दुकानाचे भाडे, मदतनिसाचा पगार, वीज आणि माझ्या घरखर्चापुरती रक्कम मिळून ४२,००० रुपये होत होते. दुकान महिन्याला सव्वादोनशे तासांहून अधिक उघडे असले, तरी प्रत्यक्ष मोटरीवर हात चालत होता तो जेमतेम १४० तास. बाकीचा वेळ तार आणायला कोल्हापूरला जाण्यात, शेतातून मोटर उचलून आणण्यात आणि उधारी मागण्यात जात होता. म्हणजे कामाचा एक तास ३०० रुपयांचा, आणि सात तास घेणाऱ्या पाच एचपीच्या मोटरीची मजुरी २,१०० रुपये. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने माझी जीएसटी नोंदणी नाही. त्यामुळे तारेवर भरलेला १८ टक्के कर मला परत मिळत नाही. तारेची किंमत करासहितच धरावी लागते, हे मला हिशेब तपासणाऱ्या मित्राने दाखवून दिले.

प्रथम मी तासावर दर सांगून पाहिला. तो प्रयोग आठवडाभरही टिकला नाही. एका काकांनी सरळ विचारले, “मिस्त्री, घड्याळ लावून मोटर भरतात होय?” त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते; माझा हात सावकाश चालला, तर त्याचा भुर्दंड त्यांनी का सोसावा?

शेवटी मजुरी एचपीप्रमाणे कायम केली, तार त्या दिवसाच्या दराने वजनावर धरली आणि जुने तांबे गिऱ्हाइकाच्या नावावर वजा करायला सुरुवात केली. आता छिन्नीने कापून काढलेली काळी कॉइल आणि नवी तार दोन्ही त्यांच्यासमोर इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवतो. तार १,००० रुपये किलो होती तेव्हा पाच एचपीची बेरीज ५,४५० रुपये झाली, त्यातून जुन्या तारेचे १,६०० गेले आणि ३,८५० उरले. हा आकडा जुन्या दरापेक्षा साडेसहाशेने मोठा होता, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत काही जण कागलला गेले. त्यांतले थोडे परत आले, बाकीचे आलेच नाहीत. त्याच काकांनी मात्र काट्याकडे पाहत म्हटले, “एवढं तांबं आजवर तुम्हालाच सोडत होतो म्हणायचं!” यावर मला उत्तर सुचले नाही.

उन्हाळ्यात गरज पाहून दर चढवावा, असा सल्ला मला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही. उभा ऊस वाळत असलेला माणूस कोणताही दर कबूल करतो, पण तो पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो. फक्त रात्रभर बसून सकाळी मोटर हवी असेल, तर ६०० रुपये जास्त घेतो, आणि तेही मोटर उघडण्यापूर्वी सांगून.

उधारीचा प्रश्नही या मांडणीने अर्धा सुटला. जुने तांबे वजा जाता तारेचे आणि इतर सामानाचे जे उरतात, ते रोख घेतो, कारण व्यापारी मला पंधरा दिवसांपलीकडे थांबत नाही. मजुरी उसाचे बिल आल्यावर दिली तरी चालते. गेल्या हंगामातील चार मोटरींची मजुरी अजून यायची आहे, पण त्यांच्या तारेचे पैसे व्यापाऱ्याकडे केव्हाच पोहोचले आहेत.