‘आता फक्त रंग राहिलाय’
गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, इंजिन बसवलं, गाडी चालूही झाली. विचारेल त्याला मी सांगत होतो, आता फक्त रंग राहिलाय. त्या ‘फक्त’मध्ये अडीच महिने गेले. त्यातला रंग मारण्याचा वेळ धरला तर जेमतेम दीड दिवस, बाकी सगळं घासकाम.

पुट्टी ८० नंबरच्या पेपरने, मग १८०, प्रायमर ३२०ने आणि शेवटी ६००चा पेपर पाण्यात भिजवून. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून ठोकळ्याने घासायचं. काळं शिल्लक राहील तिथे खड्डा. दाराच्या हँडलखाली बशीएवढा डाग काही केल्या जाईना. डोळ्यांना तर तिथे काहीच दिसत नव्हतं. हाताखाली पातळ सुती फडकं धरून, डोळे मिटून तळहात फिरवला तेव्हा खळगा लागला. पुन्हा पुट्टी, पुन्हा ८०.

मास्कच्या बाबतीत मात्र चालढकल केली नाही. टू-के क्लिअर म्हणजे रंगावर मारायचा, दोन भाग मिसळून केलेला पारदर्शक थर. त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे तो कडक करणाऱ्या भागात, आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं. मास्क निकामी झाला तरी त्याच्या वासावरून वेळेत कळत नाही, आणि दमा एकदा मागे लागला की लागलाच. म्हणून बाहेरची स्वच्छ हवा नळीने आणणारा मास्क भाड्याने घेतला. तो चढवून बाहेर आलो तर घरचं कुत्रं माझ्यावरच भुंकायला लागलं.

धूळ बसावी म्हणून जमीन ओली केली आणि बॉनेटपासून सुरुवात केली. पहिला हात छान बसला. दुसऱ्या हाताला रंग जागोजागी मागे सरकून बारीक गोल खळगे पडले, मधे खालचा थर उघडा. हा सिलिकॉनचा प्रताप. दोनच दिवसांपूर्वी त्याच शेडमध्ये मी डॅशबोर्डला चकाकीचा स्प्रे मारला होता! काही न करता वाळू दिलं, घासून काढलं आणि ग्रीस काढायच्या द्रावणाने दोन फडक्यांनी पुसलं: एक ओलं, आणि द्रावण उडून जायच्या आत मागोमाग दुसरं कोरडं. एकाच फडक्याने पुसलं तर तेल नुसतं पसरतं.

क्लिअर मारताना गन पत्र्यापासून वीतभर लांब, मनगट न वळवता, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. छान लय लागली होती. शेवटच्या मडगार्डवर मोह झाला, अजून थोडी चकाकी येऊ दे. आला ओघळ. तेवढ्यावर थांबायचं, तर मी तो बोटाने टिपायला गेलो.

पूर्ण कडक झाल्यावर १५००, २००० आणि पॉलिशने ओघळ सपाट झाला. बोटाची खूण मात्र खोल होती. आणखी घासलं असतं तर क्लिअरच फाटलं असतं. उन्हात तिरकं बघितलं की ती दिसते. गाडी बघायला येणाऱ्या कुणाला ती आपणहून सापडत नाही, मग मीच वाकून दाखवतो.