महिनाभरात कादंबरी: कॅन्ससचा नोव्हेंबर आणि बहात्तरचा दुष्काळ

नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी लिहून काढायची, हा उपक्रम अमेरिकेत चांगलाच रुजलाय. १९९९ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी, एकूण २१ जणांनी, तो सुरू केला. पुढच्याच वर्षी तो नोव्हेंबरात नेला, कारण बाहेर हवा वाईट असली की माणूस घरात बसून लिहितो. त्यामागची संस्था २०२५ मध्ये बंद पडली, लिहिणारे मात्र थांबले नाहीत. इथं कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात वाचनालयात काही जण जमायचे, त्यांच्यात मीही जाऊन बसले.

माझी कादंबरी लातूरकडच्या औसा तालुक्यातल्या एका गावाची, १९७२ च्या दुष्काळातली. विषय मनात जुनाच होता, पण तो पक्का केला इथल्या शेतांनी. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावाबाहेर पडलं की बुटक्या ताटांची, तांबूस कणसांची ज्वारी नजर पोचेल तिथवर उभी असते आणि इथले शेतकरी तिला मिलो म्हणतात. हे नाव आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसासमोर घेऊन बघा. बहात्तरला अमेरिकेतून आलेली तीच लाल मिलो रांगेत उभं राहून त्यांनी घरी नेलेली असते. इथं ती बरीचशी जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जाते. पहिल्यांदा ते शेत पाहिलं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन बराच वेळ थांबले होते.

५०,००० चा हिशेब रोज १,६६७ शब्दांचा पडतो. मराठीत तो जास्त जड जातो. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीत चार-पाच शब्दांत पसरणारी गोष्ट ‘बांधावरच्यांनी’ एवढ्या एका शब्दात संपते. तुम्ही ३५,००० शब्दांचं लक्ष्य ठेवलंत तरी मी ती पूर्ण कादंबरीच मानेन. वाचनालयात घड्याळ लावून वीस-वीस मिनिटं लिहायचो. मागं जाऊन खोडायचं नाही, एवढा एकच नियम.

पण या महिन्याचं मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते वेगळंच. उद्याचे शब्द लिहायचे तर आज विचारावं लागतं. माझी आत्या त्या वर्षी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, हे मला लहानपणापासून माहीत होतं. काय खात होता, पाणी कुठून आणत होता, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. आता विचारणं भाग होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागं जातात. मग इथले रात्रीचे आठ म्हणजे औशाकडं सकाळचे साडेसात. आत्याचा चहा झालेला असायचा.

“मिलोची भाकर गिळत नव्हती पोरी, पर खाल्ली. सुकडी मिळायची कामावर, लेकरं तिच्यासाठीच मागं लागायची.” मुकादम हजेरी कसा घ्यायचा, तान्ही लेकरं झाडाच्या झोळीत कशी असायची, विहिरीच्या तळाला रात्रभर बसून वाटी-वाटीनं घागर कशी भरायची, हे तिनं सांगितलं. मधेच तिचं आपलं चालूच: “तू रात्रीची लिवत बसतीस, मग झोपतीस कवा?” तिच्या एकेका वाक्यावर माझं अख्खं प्रकरण उभं राहायचं. सावकाश लिहीत राहिले असते तर हे फोन मी आणखी दहा वर्षं पुढं ढकलले असते, आणि आत्याला सत्तरी लागलीय.

लिहिताना काळाचंही भान ठेवावं लागलं. लातूर जिल्हा १९८२ चा, म्हणून माझी माणसं गाऱ्हाणं घेऊन उस्मानाबादला जातात. रोजगार हमी त्याच दुष्काळात सुरू झाली, पण कायदा १९७७ चा. तेव्हा कादंबरीत काम मागणारी बाई हक्काची भाषा बोलत नाही, विनवते. तो प्रसंग लिहिताना मला फार त्रास झाला.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुट्टीत उरलेला मजकूर भरून काढला आणि खर्डा पुरा झाला.

तिकडं कुणाला करायचं असेल तर नोव्हेंबरचा हट्ट धरू नका. तेव्हा आपल्याकडं रब्बीची धांदल असते, ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. मे महिना बरा. ऊन बाहेर पडू देत नाही, शिक्षकांना सुट्टी असते. नोंदणी नको, फी नको. तालुक्याच्या वाचनालयात चार जणांनी ठरलेल्या वेळी बसायचं आणि लिहायचं.

माझी मधली दोन प्रकरणं अजून कोरडी आहेत. आत्यासोबत खडी फोडणारी एक बाई आता लातूरला लेकाकडं असते. आत्यानं तिचा नंबर मिळवून दिलाय. येत्या रविवारी तिला फोन लावणार आहे. मजुरी नेमकी किती मिळायची आणि ती कुणाच्या हातात पडायची, हे पहिल्यांदा विचारायचंय.