धुऱ्यावरचा मोह

पुण्यात लोक अजून विचारतात, "लॉकडाऊनच्या वेळी तुम्ही चौदा दिवस शेतात एकटे होतात ना? कंटाळा नाही आला? ध्यानबिन करायचात का?" गावात तोच प्रश्न "भेव नाही लागला का गा?" असा येतो. मला गावातला जास्त पटतो. भेव लागला होता, अस्वलाचा. मोहफुलं पडायच्या दिवसांत अस्वल मोहाखाली येतं, हे गोंदियाकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला दिलेली खोपडी, म्हणजे वावरातली झोपडी, मोहापासून वीस पावलांवर होती.

२१ मार्च २०२० ला, जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी, मी गावी पोचलो. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले होते आणि मी पुण्याहूनच आलेलो. गावानं वेशीवरूनच वावराकडे वळवलं, यात राग धरण्यासारखं काही नव्हतं. मी धरला. पहिले पाच दिवस राग आणि फोन, एवढंच चाललं होतं. आई धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, डबा ठेवून लांब जाऊन उभी राहायची. पाडव्याची पुरणपोळीही मी फोन बघतच खाल्ली. दुसऱ्या दिवशी बॅटरी संपली. खोपडीत वीज नाही, आणि माझ्या फोनला हात लावून तो चार्जिंगला नेणार कोण?

त्या रात्री लवकर झोपलो, म्हणून पहाटे अंधारातच जाग आली. बाहेर टप्, टप्. बत्ती मारली. अस्वल नव्हतं, मोह पडत होता.

ते झाड निम्मं आमचं, निम्मं शेजारच्या आजीचं. उजाडता उजाडता ती टोपलं घेऊन आली, मला पाहून लांबच थांबली आणि ओरडली, "बसूनच आहेस तं वेच ना बापू! ऊन चढलं का ढोरं खातीन." मग ती परत गेली आणि मी वेचू लागलो.

लहानपणापासून मोह वेचला, पण एक गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती. फुलं जर अशी सगळी खाली पडतात, तर जूनच्या सुमाराला झाडाला फळं कुठून येतात? त्याच फळांच्या बियांचं तेल आमच्या घरी असायचं. एरवी हा प्रश्न आला तसा गेला असता. तिथं त्याला जायला जागा नव्हती. खालची एक डहाळी ओढून पाहत बसलो. पडतो तो पाकळ्यांचा गरदार, पोकळ दाणा, आत पुंकेसर चिकटलेले. मधली बारीक काडी, जिच्या बुडाशी फळ धरतं, ती झाडावरच राहते. म्हणून वेचलेल्या प्रत्येक फुलाला आरपार भोक. ते भोक मी हजारदा पाहिलं असेल! आनंद इतका झाला की डबा घेऊन आलेल्या आईला धुऱ्यावरून ओरडून सगळं समजावलं. ती म्हणाली, "कालचा डबा धुतला का?"

मग मात्र दिवस पुरेनात. रात्री मोहावर वटवाघळं किती येतात, पहिलं फूल कधी पडतं, ऊन आल्यावर टपटप कशी मंदावते, हे पाहण्यात झोपेचं खोबरं झालं. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र रोज थोडा कृत्तिकांकडे सरकायचा. सुटकेच्या आदल्या दिवशी, ३ एप्रिलला, तो त्या पुंजक्यातच जाऊन बसला. फोन चालू असता तर त्याचा फोटो काढला असता, आणि तो नीट आला नाही म्हणून चिडलो असतो.

एकांत आवडला का म्हणाल, तर नाही. पुन्हा बसवलंत तर बसणार नाही.

मोह वाळून तांबूस झाला होता. आजीनं निम्मी वाटणी मागितली, पण पुण्याच्या हाताचं पोतं घरात घ्यायला ती तयार नव्हती. ऊन लागू दे अजून, म्हणाली. आठ दिवस पोतं धुऱ्यावरच उभं होतं, आणि कोणी त्यातून काढलं तर नाही ना, हे बघायला ती रोज सकाळी येऊन लांबूनच त्याच्याकडे टक लावून उभी राहायची.