पाचगणीच्या कड्यावरून ओल्युदेनिझच्या समुद्रावर: एका एस.आय.व्ही. प्रशिक्षणाचा वृत्तांत

मागच्या एप्रिलमध्ये, दुपारी बाराच्या सुमारास, पाचगणीच्या कड्यापुढे कृष्णा खोऱ्यावर उडत असताना माझ्या पॅराग्लायडरच्या, म्हणजे डोक्यावरच्या कापडी पंखाचा, उजवा अर्धा भाग एकाएकी मिटला. कडा उजव्या हाताला होता आणि अंतर फार तर साठ-सत्तर मीटर असेल. ग्लायडर कड्याकडे वळू लागला तसा मी डावा ब्रेक, म्हणजे पंखाची मागची कड खाली खेचणारी दोरी, होती नव्हती ती ताकद लावून खाली ओढला. क्षणभर सगळे शांत झाले, मग डावी बाजूही मागे पडू लागली आणि मी भीतीने दोन्ही हात वर सोडून दिले. ग्लायडर एक गटांगळी खाऊन पुन्हा उडू लागला. वाईजवळच्या एका मोकळ्या शेतात उतरल्यावर, माझ्या पाठोपाठ उतरलेले इस्लामपूरचे आमचे ज्येष्ठ उड्डाणमित्र, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, कौतुकाने म्हणाले, "झकास सांभाळलंस गं!" मलाही तसेच वाटत होते. रात्री साताऱ्यात घरी त्यांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातील चित्रण पाहिले तेव्हा कळले की मी काहीच सांभाळले नव्हते; संकट वाढवले मी, आणि निस्तरले ते हात सुटल्यामुळे.

त्या चित्रणामुळे दादा आणि मी ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तानातील ओल्युदेनिझ येथे एस.आय.व्ही. प्रशिक्षणासाठी गेलो. हे नाव फ्रेंच शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले असून त्याचा अर्थ 'उड्डाणातील आपत्तीचे अनुकरण' असा आहे. ग्लायडर मिटणे, थांबणे, गरगरणे हे सारे प्रकार पाण्यावर, भरपूर उंचीवर, रेडिओवरून प्रशिक्षकाच्या सूचना ऐकत मुद्दाम घडवून आणायचे आणि त्यातून बाहेर यायचे, हे त्याचे स्वरूप. पुष्कळांना हा कसरतींचा अभ्यासक्रम वाटतो आणि म्हणून ते तो टाळतात किंवा नेमके त्याचसाठी जातात. माझ्या मते दोघेही चुकतात.

हे घरी का करू नये, असा प्रश्न मला साताऱ्यात अनेकांनी विचारला. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि वाईचा परिसर सातशेच्या आसपास, म्हणजे हाताशी उंची मिळते ती सहाशे मीटरच्याही आत, आणि खाली खडक, झाडे, विजेच्या तारा. धोम धरणाचे पाणी दिसते जवळ, पण ते टेकऑफच्या पायथ्याशी नाही. ओल्युदेनिझमध्ये बाबादाग हा १,९६९ मीटरचा डोंगर थेट समुद्राच्या काठावर उभा आहे. १,७०० मीटरवरच्या टेकऑफवरून निघाले की काही मिनिटांत आपण खोल पाण्यावर असतो आणि पायाखाली जवळजवळ सगळी उंची शिल्लक असते. पूर्वी वर जायला गाडीचा घाटरस्ता होता; २०२१ पासून रोपवे सुरू झाल्याने दिवसाला दोन-तीन उड्डाणे निवांत होतात. 'ओल्युदेनिझ' म्हणजे 'मृत समुद्र', अर्थात निश्चल पाणी. गावाच्या टोकाला असलेल्या शांत खाजणावरून ते नाव पडले आहे.

प्रवासाचे थोडक्यात सांगते. साताऱ्याहून मुंबई, तिथून इस्तंबूल, पुढे दालामान विमानतळ आणि शेवटी फेथियेमार्गे गाडीने ओल्युदेनिझ. व्हिसाची तयारी मात्र आधीपासून करावी: ज्यांच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा किंवा निवास परवाना आहे त्यांनाच तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, इतर भारतीयांना पासपोर्टवरचा व्हिसा घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. रेडिओ आणि व्हॅरिओ (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारे यंत्र) यांच्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या सामानातच न्याव्यात. गॅसच्या नळकांडीने फुगणारे लाइफ जॅकेट असेल तर विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी. आम्हाला जॅकेट तिथेच मिळाले, त्यामुळे ती कटकट वाचली. विम्याबाबत माझी चूक होता होता राहिली. नेहमीच्या परदेश प्रवास विम्यात पॅराग्लायडिंग बहुधा वगळलेले असते, आणि मी तसाच एक विमा घेऊन बसले होते. दादांनी बारीक अक्षरातली कलमे वाचली म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी तो बदलता आला. आपल्याकडच्या प्रशिक्षणाच्या नोंदी, उड्डाणांची वही आणि मिळाले असल्यास वैमानिकाची पातळी दाखवणारे आंतरराष्ट्रीय आयपीपीआय कार्ड सोबत ठेवावे, कारण पहिल्याच दिवशी त्यांची विचारणा होते.

पहिली सकाळ जमिनीवरच गेली. प्रशिक्षकाने प्रत्येकाचा हार्नेस, म्हणजे बसायची पट्टेदार बैठक, टांगून बसायला लावले, छातीच्या पट्ट्याची लांबी मोजली, आणि डोळे मिटून रिझर्व्ह, म्हणजे संकटकालीन, पॅराशूटचे हँडल पकडायला सांगितले. सहा वर्षे उडत असूनही माझा हात पहिल्या दोन वेळा हँडलच्या मागे जाऊन पडला. निघण्यापूर्वी घरच्या खुर्चीत बसून हे रोज दहा वेळा करावे, असे मी पुढच्यांना कळकळीने सांगेन. रिझर्व्हची घडी जाण्यापूर्वी ताजी करून घ्यावी आणि ग्लायडर आपलाच न्यावा; उसन्या ग्लायडरवर शिकलेले हात आपल्या ग्लायडरवर पुन्हा अडाणी ठरतात. त्याच्या दोऱ्यांची तपासणीही आधी व्हायला हवी. माझा ग्लायडर युरोपीय सुरक्षा मानकाच्या (इ.एन.) बी वर्गातला, दादांचा सी वर्गातला. दोघांच्या सरावाचे प्रकार वेगळे नव्हते, फक्त दादांच्या ग्लायडरचा प्रत्येक प्रतिसाद अधिक झटकन आणि अधिक खोल येत होता.

पहिल्या उड्डाणात झोके, डावीकडे-उजवीकडे वळणे आणि 'बिग इअर्स' (पंखाची दोन्ही टोके मिटवून उंची कमी करणे) एवढेच होते. दुसऱ्यात माझे एप्रिलमधले दुखणे आले. रेडिओवरून आदेश आला, मी उजवीकडचा पुढचा रायझर (पंखाच्या दोऱ्या हार्नेसला जोडणारा पट्टा) झटक्यात खाली ओढला, उजवा अर्धा भाग मिटला आणि डावा हात आपोआप खाली जाऊ लागला. "हात वर. काही करू नकोस. फक्त डावीकडे वजन टाक." मी वजन टाकले. ग्लायडर पाव वळण फिरला आणि मिटलेली बाजू, मी काहीही न करता, फडफडत उघडली. बाराशे मीटरवर असल्याने तो पाव वळण फिरला काय आणि अर्धे फिरला काय, फरक पडत नव्हता. म्हणून मला प्रथमच हे पाहता आले.

कारण सोपे आहे, पण कड्याजवळ ते सुचत नाही. एक बाजू मिटली की त्या बाजूची ओढ वाढते आणि ग्लायडर तिकडे वळतो. त्याच वेळी तुमचे सगळे वजन उरलेल्या उघड्या अर्ध्या भागावर येते. तोच भाग तुम्हाला तोलून धरतो आहे, आणि घाबरलेला वैमानिक नेमका त्याच्यावरच जोरात ब्रेक लावून त्याचा वेग मारतो. मग तोही उडायचा थांबतो आणि स्पिन, म्हणजे गरगरणे, सुरू होते. म्हणून क्रम असा: आधी वजनाने दिशा धरायची, लागेल तेवढाच हलका ब्रेक द्यायचा, आणि दिशा हातात आल्यावर मिटलेली बाजू त्या बाजूचा ब्रेक एकदा खोल, सावकाश ओढून-सोडून उघडायची. हे मी पुस्तकी स्वरूपात पहिल्या वर्षापासून जाणत होते. ते हातांना कळायला समुद्र लागला.

तिसऱ्या दिवशी फुल स्टॉल, म्हणजे संपूर्ण पंखाचे उडणेच थांबवणे, होता. दोन्ही ब्रेक सीटखाली दाबून धरायचे. ग्लायडर मागे कोसळतो, आपण पाठीवर पडल्यासारखे होतो, आणि त्या क्षणी हात सोडण्याची जी अनावर इच्छा होते तिला बळी पडायचे नाही, कारण मागे असलेला ग्लायडर मोकळा सोडला तर तो झेप घेऊन वैमानिकाच्या पुढे आणि खालीही जाऊ शकतो. तो डोक्यावर येऊन स्थिरावेपर्यंत थांबायचे, हात सावकाश समान वर आणून मधला भाग भरू द्यायचा, आणि मगच पूर्ण सोडायचे. पहिला स्टॉल मला जमला. दुसऱ्यात माझा डावा हात उजव्याच्या आधी वर गेला, ग्लायडर एका बाजूने सुटून फिरला, रायझर एकमेकांत पिळले गेले आणि ब्रेक त्यात अडकून बसले. रेडिओवर दोनदा एकच शब्द आला, "रिझर्व्ह, रिझर्व्ह", आणि टांगलेल्या हार्नेसमध्ये बसून केलेला सराव कामी आला. पॅराशूट उघडल्याचा हिसका बसला तेव्हा मी पाण्यापासून सातशे मीटर वर होते.

पुढचे काम कमी सांगितले जाते. रिझर्व्ह उघडल्यावर मूळ ग्लायडर अर्धवट उडू लागला तर दोघे एकमेकांना विरुद्ध दिशांना खेचतात आणि खाली येण्याचा वेग वाढतो, म्हणून मागचे रायझर किंवा ब्रेकच्या दोऱ्या ओढून ग्लायडर निकामी करायचा असतो. मी ते अर्धेच केले. पाण्याची उंची वरून मुळीच कळत नाही, त्यामुळे पायांचे पट्टे पाण्याला पाय लागल्यावरच सोडावेत, अशी सक्त सूचना होती. हार्नेसच्या पाठीतला फोम वैमानिकाला पालथा करू पाहतो, हेही तेव्हाच अनुभवले. लाइफ जॅकेट नसते तर दोन घोट जास्त गेले असते. बचावाची नाव मिनिटभरात पोहोचली. पाण्याने भरलेला ग्लायडर ओढून वर घेतला तर कापड फाटते, म्हणून नावाड्याने पाणी ओघळू देत तो हळूहळू वर घेतला. त्यानंतरची संपूर्ण दुपार ग्लायडर, हार्नेस आणि रिझर्व्ह गोड्या पाण्यात धुण्यात आणि सावलीत टांगण्यात गेली. मिठाचे कण कापडात राहिले तर ते आतून खात जातात. माझे पुढचे दीड दिवस उड्डाण झाले नाही, तेव्हा वेळापत्रकात एक-दोन दिवस मोकळे ठेवून जावे. ऑक्टोबरमध्ये तिथे एअर गेम्सचा उत्सव असतो आणि आकाशात गर्दी होते. निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळावेत.

स्पायरलबद्दल, म्हणजे वेगाने गिरक्या घेत खाली येण्याबद्दल, दादांचा अनुभव सांगण्यासारखा आहे. ग्लायडर नाक खाली करून फिरू लागला की शरीर सीटमध्ये दाबले जाते, रक्त पायांकडे उतरते आणि नजरेच्या कडा करड्या होतात. पोट आणि मांड्या आवळून धरायच्या असे त्यांना सांगितले होते; ते विसरले आणि चौथ्या फेरीला त्यांना रेडिओचा आवाज लांबून येऊ लागला. बाहेर पडतानाही घाई चालत नाही, कारण साठलेला वेग एकदम मोकळा केला तर ग्लायडर वर उसळतो आणि मग कोसळतो. एकोणसाठाव्या वर्षी, तीस वर्षे ऊसशेती करून, आपल्या शरीराची ही मर्यादा आपल्याला ठाऊक नव्हती, याचेच त्यांना जास्त आश्चर्य वाटत होते. त्यांनी उरलेल्या दिवसांत स्पायरल पुन्हा केला नाही आणि प्रशिक्षकानेही आग्रह धरला नाही. असा प्रशिक्षक निवडावा. आधी संपर्क साधताना 'किती प्रकार शिकवता' हे विचारण्यापेक्षा 'एखाद्याने नको म्हटले तर काय करता' हे विचारावे, आणि संध्याकाळी चित्रण दाखवून चर्चा होते की नाही हेही विचारावे. आमच्या शिक्षणातला अर्धा भाग त्या चर्चेत, चहाच्या छोट्या काचेच्या पेल्यांसोबत झाला.

खर्च किंवा व्हिसा अडचणीचा वाटत असेल तर नेपाळमध्ये पोखऱ्याच्या फेवा तलावावरही हे प्रशिक्षण होते आणि भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. उंची मात्र ओल्युदेनिझपेक्षा बरीच कमी, त्यामुळे एका उड्डाणात प्रकारही कमी बसतात. ज्यांची शंभरभर उड्डाणेही झालेली नाहीत त्यांनी माझ्या मते अजून थांबावे आणि तो वेळ मैदानावर ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे जमिनीवर उभे राहून पंख हाताळण्याच्या सरावात, घालवावा.

परतल्यावर रिझर्व्ह साताऱ्यातल्या एका शाळेच्या सभागृहात पंखे लावून दोन दिवस टांगले, मग पुण्याहून आलेल्या जाणकार मित्राने त्याची घडी घातली आणि हार्नेसमधल्या चिठ्ठीवर तारीख लिहिली. फेब्रुवारीत पाचगणीच्या त्याच कड्यापुढे माझ्या ग्लायडरची डावी बाजू मिटली, या वेळी तिसऱ्या हिश्श्याने. कड्यापासून मी दीडशे मीटर दूर होते, कारण आता मी तेवढी दूरच उडते. दादा खालून पाहत होते. उतरल्यावर त्यांना विचारले तर म्हणाले, त्यांना काही दिसलेच नाही.