तांबडी गेली, आणि का गेली ते कळलं

आमची कोंबडी तांबडी दुपारी अंडी घालायच्या खोक्यात मेलेली सापडली. सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर नेहमीसारखी सगळ्यांत आधी तीच बाहेर आली होती. काळीला एक टोच मारून तिनं खाद्याच्या भांड्याशी आपली जागा घेतली होती. अंगावर जखम नव्हती, नाकातोंडातून काही आलेलं नव्हतं, गळ्याखालची दाण्यांची पिशवी अर्धी भरलेली होती. वेगळा होता तो फक्त तुरा. एरवी लालभडक असणारा तो तुरा पांढरट पडला होता. मेल्यावर रंग उतरत असेल, असं तेव्हा वाटलं. पुढे सगळा उलगडा झाला तो मात्र त्या तुऱ्यापासूनच.

त्या तासाभरात रडणं आणि धावपळ दोन्ही एकदम चालू होतं. आधी हातमोजे घातले, तिला उचलून बाजूला घेतलं आणि बाकीच्या तिघींना खुराड्याच्या दुसऱ्या भागात कोंडलं. त्यांचं पाणी ओतून टाकलं, भांडी धुऊन वाळत ठेवली. मग एकेकीला हातात घेऊन पाहिलं: तुरा, डोळे, श्वासाचा आवाज, पोटाखालची पिसं, विष्ठा. काळी, कवडी आणि पांढरी, तिघीही ठणठणीत होत्या, उलट कोंडल्याबद्दल माझ्यावर ओरडत होत्या. एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या मान टाकू लागल्या, तोंड सुजलं, तुरा किंवा पाय निळे-जांभळे पडले, तर बर्ड फ्लू किंवा मानमोडीचा संशय धरायचा, कशालाही हात न लावता लगेच पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं, एवढं मला माहीत होतं. तसं काही दिसत नव्हतं. तरी कारण कळेपर्यंत अंडी खायची नाहीत आणि खुराड्यातले बूट घरात आणायचे नाहीत असं ठरवलं.

यानंतरचा निर्णय सगळ्यांत कठीण होता. मुलाला तिला लगेच पुरायचं होतं. त्यानंच तिला पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं. खड्डा खणायला फावडं घेऊन तो उभाही राहिला. यजमान म्हणाले, "कळून काय होणार? ती परत येणार आहे का?" दोघांचंही म्हणणं मला समजत होतं. पण तिघी जिवंत होत्या. त्या तेच पाणी पीत होत्या, त्याच मातीत अंग घुसळत होत्या, तेच खाद्य खात होत्या. तांबडीला विषबाधा झाली असेल, कुठे उंदरांचं औषध पडलेलं असेल, दाण्याला बुरशी आलेली असेल, तर ते त्यांच्याही पोटात जाणार होतं. मी मुलाला तसंच सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्यानंच विचारलं, "कापतील ना तिला?" मी हो म्हणाले. खोटं बोलायची ती वेळ नव्हती.

शवविच्छेदन करायचं असेल तर एक गोष्ट घाईनं करावी लागते, आणि नेमकी तीच गोष्ट अशा वेळी सुचत नाही. कोंबडीचं अंग जिवंतपणी ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, वर पिसांचं पांघरूण. त्यामुळे मेल्यावर ती लवकर गार होत नाही आणि आतले अवयव भराभर खराब होतात. मी दवाखान्यात फोन केला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं: थंड साबणाच्या पाण्यात पूर्ण भिजवा, म्हणजे पाणी पिसांखाली कातडीपर्यंत पोचेल, मग दोन पिशव्यांत घट्ट बांधून फ्रिजमध्ये ठेवा, खाण्याच्या वस्तूंपासून लांब. फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठल्यावर पेशींमध्ये बर्फाचे कण होतात, पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही धड दिसत नाही. शक्यतो दुसऱ्या दिवशीपर्यंत आणा. आणखी एक गोष्ट मी आधीच विचारून घेतली: शव परत मिळेल का? मिळणार नव्हतं, ते तिथेच जाळून टाकतात. हेही मुलाला आदल्या रात्रीच सांगितलं, म्हणून त्याला तिचा निरोप घेता आला. त्यानं तिचं एक शेपटीचं पीस ठेवून घेतलं.

ती रात्र वाईट गेली. साप? ऊन? काही गिळलं असेल, खिळा, तार, काचेचा तुकडा? अंडं अडकलं असेल? डोळे मिटले की एकेक शक्यता पुढे यायची आणि प्रत्येक शक्यतेच्या शेवटी ती खोक्यात एकटी तडफडते आहे असंच दिसायचं. खोक्यातला भुसा विस्कटलेला होता, ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

डॉक्टरांनी विच्छेदनानंतर मला समोर बसवून सगळं समजावलं. पोट उघडल्याबरोबर यकृतावर रक्ताची मोठी गुठळी होती. यकृत गडद तांबूस असायला हवं, ते पिवळट होतं आणि बोटानं दाबलं की भुगा होत होतं. पोटात चरबीचा जाड थर होता. अंडनलिकेत पूर्ण कवच चढलेलं अंडं होतं, पण ते अडकलेलं नव्हतं, वेळेवर बाहेर येणारच होतं. चरबीनं भरलेलं यकृत फाटून आत रक्तस्राव झाला होता. परसात पाळलेल्या अंड्यावरच्या कोंबड्या अचानक मरतात, त्यामागच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक. तुरा पांढरा पडला होता तो त्यामुळेच: अंगातलं रक्त पोटात उतरलं होतं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असता तर तुरा बहुधा निळसर दिसला असता.

"पण ती तर रोज अंडं देत होती," मी म्हणाले. त्यांनी सांगितलं की या आजारात अनेकदा असंच होतं. भरात असलेली, अंड्यावर असलेलीच कोंबडी जाते. पक्ष्यांच्या शरीरात चरबी मुख्यतः यकृतात तयार होते. अंड्याचा काळ सुरू झाला की इस्ट्रोजेन हे संप्रेरक यकृताला कामाला लावतं: बलकातली चरबी तिथे बनवायची आणि रक्तावाटे अंडाशयाकडे पाठवायची. एका अंड्यात साधारण पाच ग्रॅम चरबी असते. जंगलातली रानकोंबडी, जिच्यापासून आपल्या कोंबड्या आल्या, ती वर्षाला डझनभर अंडी घालते आणि थांबते. भरपूर अंड्यांसाठी निवडून वाढवलेल्या जातीची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास घालते. तिचं यकृत वर्षभर ही भट्टी पेटती ठेवतं. त्यात उन्हाळा आला की अंग गरम ठेवायला ऊर्जा कमी लागते, हालचालही कमी होते, खाल्लेलं जास्तीचं सगळं चरबी होऊन यकृतात साठतं. यकृताचं आवरण ताणलं जातं, आतल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात. मग अंडं घालताना दिलेला एखादा जोरही पुरतो.

मी विचारलं, तिला फार यातना झाल्या असतील का? ते म्हणाले, इतका मोठा रक्तस्राव झाला की रक्तदाब एकदम खाली येतो आणि शुद्ध लवकर हरपते. शेवटी पंख फडफडतात ते स्नायूंचे झटके असतात, बहुतेक वेळा तोवर तिला काही जाणवत नसतं. भुसा त्यामुळेच विस्कटला असेल. हे ऐकून मी तिथेच रडले. डॉक्टर काही न बोलता थांबले. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

एकाच भांड्यातलं खाऊन तिघी बऱ्या आणि एक गेली, हे कसं? यावरही ते मोकळेपणानं बोलले. जात, वय, संप्रेरकं, ऊन, खाद्यातली ऊर्जा, फिरायला मिळणारी जागा, हे सगळं एकत्र येतं, आणि प्रत्येक कोंबडीचं शरीर वेगळं. जिवंतपणी बाहेरून ओळखता येईल असं लक्षण बहुतेकदा दिसतच नाही. शिवाय कोंबडी हा शिकार होणारा पक्षी. अशक्त दिसली की घार बघते, आणि कळपातल्या बाकीच्याही टोचायला लागतात. म्हणून ती अगदी शेवटापर्यंत ठीक असल्यासारखीच वागते. मला आदल्या दिवशी काही दिसलं नाही, कारण तिनं ते दिसू दिलं नाही.

कारण कळल्यावर माझी भीती गेली. दुःख मात्र तसंच राहिलं, आणि ते बोलून दाखवायची चोरी होती. "कोंबडीच तर होती," असं ज्यांनी म्हटलं ती माणसं वाईट नाहीत. त्यांनी तिला पाहिलं नव्हतं इतकंच. दाराची कडी वाजली की ती पळत यायची. माझ्या बाहीचं बटण तिला दाणा वाटायचं, आणि नाही हे कळल्यावरही ती ते रोज टोचून बघायची. अंडं घातल्यावर अख्खं परस दणाणून सोडायची. कोंबड्या वीसहून जास्त वेगवेगळे आवाज काढतात. त्यातला एक मऊ, घशातला आवाज ती मी शेजारी बसले की काढायची. तो आवाज आता तिघींपैकी कुणी काढत नाही. ज्या जिवाशी रोज सकाळ-संध्याकाळ संबंध आला, तो गेल्याचं दुःख त्याच्या आकारावर ठरत नाही. मी ते लपवणं सोडून दिलं. मुलगा आणि मी संध्याकाळी खुराड्यापाशी बसून तिच्याबद्दल बोलायचो. सुरुवातीला यजमान लांब असायचे, मग तेही येऊन बसू लागले.

कळपातही उलथापालथ झाली. कोंबड्यांमध्ये कुणी कुणाला टोचायचं याची पक्की उतरंड असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लीफ श्येल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून १९२०च्या दशकात ती पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीनं मांडली. आमच्याकडे तांबडी सगळ्यांत वर होती. ती गेल्यावर काळी आणि पांढरी एकमेकींवर धावून जाऊ लागल्या, छाती पुढे काढून, मानेची पिसं फुलवून. पिसं उडाली, पण रक्त निघालं नाही, म्हणून आम्ही मध्ये पडलो नाही. फक्त खाद्याचं आणि पाण्याचं आणखी एकेक भांडं लांब ठेवलं, म्हणजे हरणारीला उपाशी राहावं लागू नये. काळी जिंकली. कवडी दांडीवर तांबडीला खेटून झोपायची. ती काही रात्री टोकाला एकटीच बसली. त्याला दुःख म्हणायचं का, हे मी ठरवणार नाही. तिची रोजची जागा मोडली होती हे मात्र दिसत होतं.

डॉक्टरांच्या सल्ल्यानं आता काही गोष्टी बदलल्या आहेत. मुख्य आहार लेअरच्या, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीच्या, संतुलित खाद्याचाच. मका आणि इतर वरखाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत, आणि तोही भांड्यात न देता पाल्यापाचोळ्यात विखरून, म्हणजे उकरत हिंडावं लागतं. उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी, कारण कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून अंग गार करते. रात्री त्या दांडीवर बसल्या की शांत असतात, तेव्हा एकेकीला उचलून मी छातीचं हाड चाचपते. ते चरबीत बुडालेलं नको आणि सुरीसारखं धारदारही नको. मुलगा वजन करतो आणि वहीत लिहितो. काळी जरा जड भरते, तिच्यावर आमचं लक्ष आहे.

नवीन कोंबड्या आणायच्या का, हा विषय आता घरात निघतो. आणल्या तर दोघी एकदम आणायच्या, कारण जमलेल्या कळपात एकट्या आलेलीला फार सोसावं लागतं. आणि आधी महिनाभर त्यांना वेगळं ठेवायचं, आजार आत येऊ नये म्हणून. मुलानं त्यासाठी परसाच्या दुसऱ्या टोकाला जागा बघून ठेवली आहे. माझी मात्र अजून तयारी झालेली नाही, आणि घरातलं कुणी मला घाई करत नाही.