वाफसा येईपर्यंत

कण्हेर आणि टगर काटक, त्यांना कसला आलाय मुहूर्त, असं म्हणत मी दोन्ही ऐन उन्हाळ्यात लावल्या. खरं कारण वेगळंच होतं. नर्सरीत त्या फुलांवर होत्या आणि मी भुलले.

टगर दुपारी माना टाकायची. दोन वेळा पाणी घालूनही आठवड्याभरात पानं पिवळी पडून गळाली. झुडूप काटक होतं ते मुळं जमिनीत पसरल्यावर, आणि हिची मुळं तर अजून पिशवीएवढ्या मातीतच होती. वर भरगच्च पानं पाणी मागताहेत, खाली पुरवायला मूठभर मुळं. कण्हेर कशीबशी तगली.

मग मी उलटी चूक केली. पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्याच दिवशी जास्वंदीसाठी चिखलात खड्डा खणला. माझी माती चिकण. ओली असताना फावडं मारलं की खड्ड्याच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. पाणी आत कोंडतं आणि मुळांना बाहेर वाट सापडत नाही. जास्वंद मलूल दिसली म्हणून मी आणखी पाणी घातलं! शेवटी उपटली तेव्हा मुळं काळी, बुळबुळीत. साचलेल्या पाण्यात मुळांना हवाच मिळाली नव्हती.

शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला ‘वाफसा’, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, खणण्याजोगी ओलसर असणं, हा शब्द मला तेव्हा नीट कळला. आता मी खणण्याआधी वीतभर खोलवरची माती मुठीत दाबते. लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर लागवड. बोटाला चिकटली तर थांबायचं, लाडू वळलाच नाही तर आदल्या दिवशी पाणी द्यायचं.

पुढची लागवड पावसाचा जोर ओसरल्यावर केली. माती ओलसर, अजून उबदार, ऊन सोसवणारं. मुळं वाढायला याहून काय हवं? खड्डा हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट रुंद, पण तिच्या उंचीपेक्षा खोल नाही. खोड आधीच्या पातळीखाली पुरलं तर बुंधा कुजतो. पिशवीत गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी केली. बोगनवेलीला मात्र हात लावला नाही, फक्त पिशवी अलगद कापली, तिची मुळं फार नाजूक. खड्ड्यात खत घातलं नाही. वरून पालापाचोळ्याचं आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं लांब. आणि फुलं खुडली. हे सगळ्यात जिवावर आलं.

पुढे महिनाभर वर काहीच हालचाल नव्हती. मग कोंब आले. तरी वर्षभर कोरड्या दिवसांत आळं भरून पाणी दिलं, रोज शिंपडण्याऐवजी चार-पाच दिवसांनी, पण खोलवर.

जिथे जमीन गोठते तिथलं गणित निराळं. पानगळीची झुडपं पानं झडल्यावर, विश्रांतीत असताना लावतात, उघड्या मुळांचीसुद्धा चालतात. सदाहरित झुडपांना मात्र थंडीच्या बरंच आधी जमिनीत जावं लागतं, कारण त्यांची पानं हिवाळ्यातही पाणी उडवत राहतात.

परवा पुन्हा एक एक्झोरा घेऊन आले, फुलांसकट. ती सध्या कुंडीतच, सावलीत आहे. सकाळी मूठ दाबून बघितली, माती अजून बोटाला चिकटतेय.