आमची वाटचाल, म्हणजे बरीचशी सर्व्हरचीच

आमची फर्म 2005 ची. नागपूरच्या धरमपेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मी आणि पार्टनर, आणि व्हीबी सिक्समधे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या भाषेत, बनवलेलं बिलिंग सॉफ्टवेअर. गिऱ्हाईक म्हणजे इतवारी, गांधीबागचे ठोक व्यापारी. एक रकाना वाढवायचा म्हटलं तरी सीडी घेऊन प्रत्येक दुकानात जायचं, आणि मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना हे धंदे केले की माणूस आपोआप वेबवर जातो, तसे आम्हीबी गेलो.

जावा ही भाषा शिकलो आणि त्यातलं वेब सॉफ्टवेअर चालवणारा टॉमकॅट हा सर्व्हर टाकला. फुकट होता, हलका होता, 512 एमबीच्या मशीनवर निमूट चालायचा. आता इंटरव्ह्यूला येणारी पोरं इथंच हमखास अडकतात म्हणून सांगून टाकतो, टॉमकॅट म्हणजे पूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हर नाही. तो सर्व्हलेट आणि जेएसपी, म्हणजे ब्राउझरनं मागितलेलं पान बनवून देणारा जावा कोड, तेवढा चालवतो. पूर्ण सर्व्हर म्हणजे वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस हे लोक, त्यांच्यात ट्रान्झॅक्शन (सगळं व्हावं नाहीतर काहीच होऊ नये असा व्यवहार) सांभाळणारा मॅनेजर, मेसेजची रांग, ईजेबी म्हणजे धंद्याचं लॉजिक लिहायचे ठरलेले साचे, सगळं स्टँडर्डप्रमाणे आधीच भरलेलं असतं. आम्हाला व्यापाऱ्यांच्या बिलासाठी यातलं काहीच लागत नव्हतं, म्हणून कितीतरी वर्षं टॉमकॅटवरच काढली आणि मजेत काढली.

गरज पडली ती बुटीबोरीच्या एका कारखान्यामुळे. त्यांचा गोडाऊनचा स्टॉक आमच्या डेटाबेसमधे आणि पार्टीचं खातं हेड ऑफिसच्या जुन्या डेटाबेसमधे. माल निघाला की स्टॉक कमी व्हायचा आणि खात्यात नावे पडायचं, दोन्ही एकदमच व्हायला पाहिजे, मधेच लाइन गेली आणि एकच झालं तर महिनाअखेरीला अकाउंटंट आपल्या नावानं शंख करतो. याला एक्सए ट्रान्झॅक्शन लागतं, म्हणजे एकाहून जास्त डेटाबेसवर मिळून एकच व्यवहार. सर्व्हर आधी दोन्ही डेटाबेसला विचारतो, तयार आहात का, दोघांनी हो म्हटलं तरच कमिट, म्हणजे नोंद पक्की, एक जरी नाही म्हणाला तर दोघांचंही रोलबॅक, म्हणजे नोंद मागे. हे स्वतः लिहायला गेलो असतो तर आम्हा चार जणांचं वर्ष त्यातच गेलं असतं.

त्यांचा सल्लागार वेबलॉजिक घ्या म्हणत होता. पण त्याचं लायसन मशीनच्या प्रोसेसरवर मोजतात, तो आकडा आमच्या अख्ख्या कोटेशनच्या वर गेला. मग जेबॉस पुढे केला. मालकांनी एकच विचारलं, फुकट आहे तर उद्या बंद पडलं की कोणाला धरू? 2006 मधे रेड हॅटनं जेबॉस विकत घेतलं होतं, पैसे भरून सपोर्ट मिळतो हे दाखवलं तेव्हा काम मिळालं. खरं सांगायचं तर ऑर्डर त्या सपोर्टच्या कागदावर मिळाली, आमच्या कोडवर नाही. असाच एक गिऱ्हाईक ग्लासफिश हा ओरॅकलचा सर्व्हर घेऊन बसला होता, 2013 च्या नोव्हेंबरात ओरॅकलनं त्याचा पुढचा कमर्शियल सपोर्ट देणार नाही म्हणून सांगितलं आणि तो आपणहून आमच्याकडे आला.

पण सर्व्हरच्या आत काय चालतं हे खरं समजलं ते ट्रान्सपोर्टवाल्यांमुळे. 2018 च्या एप्रिलपासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल आलं, म्हणजे गाडीसोबत लागणारं सरकारी ऑनलाइन बिल. आमच्या ट्रान्सपोर्टरच्या गाड्या संध्याकाळी निघतात, म्हणजे सगळ्या शाखांचे मुनीम एकाच वेळी बटण दाबणार. आमचं सॉफ्टवेअर मधल्या एका सर्व्हिसवाल्याकडून बिलाचा नंबर मागवायचं आणि तो येईपर्यंत थांबायचं. त्याच्याकडून उत्तर उशिरा आलं की आमचं पान बंद, आणि मशीन पाहावं तर सीपीयू नुसता बसून, रॅम रिकामी, मग चाललंय काय बाप्पा? सर्व्हरमधे एकेक मागणी हाताळणारा एकेक थ्रेड असतो, जेस्टॅक या टूलनं थ्रेड डंप, म्हणजे कोण काय करतोय याची यादी काढली, तर सगळेच्या सगळे थ्रेड सॉकेट रीडवर, म्हणजे बाहेरच्या उत्तराची वाट पाहत टांगलेले. टॉमकॅटला सांगितलं नाही तर तो 200 थ्रेड ठेवतो. दोनशेही बाहेरच्या उत्तराची वाट पाहत असले की दोनशे एकावा मुनीम साधं लॉगिनही करू शकत नाही.

थ्रेड वाढवून टाक भाऊ, असं आमच्यातलेच म्हणत होते. पण आमचा डेटाबेस पोस्टग्रेस स्वतःहून 100 च कनेक्शन घेतो, थ्रेड वाढवले की गर्दी फक्त एक दार पुढे सरकते. थ्रेडचा किंवा कनेक्शनचा असा मोजका साठा असतो त्याला पूल म्हणतात, तो म्हणजे कळमन्याच्या यार्डातले हमाल समजा, गाडी आली की जो मोकळा तो लागतो, पण हमाल गाडीवाल्याशी गप्पा मारत बसला तर मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून काही होत नाही. आम्ही ते नंबर मागवायचं काम जेएमएसच्या, म्हणजे जावाच्या मेसेजच्या, रांगेत टाकलं. मुनीमानं बटण दाबलं की मागणी रांगेत जाते, थ्रेड लगेच मोकळा, मागे थोडेसेच थ्रेड रांगेतून एकेक उचलतात, प्रत्येकाला टाइमआउट, म्हणजे थांबायची मर्यादा, फसलं तर काही वेळानं पुन्हा. पानावर 'नंबर येत आहे' असं दिसतं. आधी मुनीमांनी कुरकुर केली, त्यांना नंबर ताबडतोब पाहिजे होता, पण अख्खं सॉफ्टवेअर बंद पडण्यापेक्षा हे बरं हे त्यांनाही पटलं.

त्या कामानंतर ट्रान्सपोर्ट लाइनमधे आमचं नाव झालं. आयटी पार्कच्या बाजूला मोठं ऑफिस घेतलं, माणसं वाढली.

आता नवीन कामं स्प्रिंग बूटवर, जावाच्या एका तयार फ्रेमवर्कवर, करतो. पूर्वी सर्व्हर उभा करून त्यात वॉर फाइल, म्हणजे ॲपचं गाठोडं, टाकायची, आता ॲपच्याच पोटात टॉमकॅट असतो, एक जार फाइल चालवली की झालं. पोरं म्हणतात ॲप्लिकेशन सर्व्हर मेला. मी म्हणतो पूल आहे, ट्रान्झॅक्शन आहे, थ्रेडही तेच आहेत, फक्त सर्व्हरचं कन्सोल (आत काय चाललंय ते दाखवणारा पडदा) उघडून पाहायची सवय गेली. स्प्रिंग बूटचा हिकारी हा कनेक्शनचा पूल न सांगता 10 कनेक्शन ठेवतो हे आमच्या नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात विचारतो, आणि काही बंद पडलं की फोनही त्यालाच लावतो.

सध्या डोक्याला ताप आहे जाकार्ताचा. जावा ईई, म्हणजे या सर्व्हरांचं स्टँडर्ड, ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं आणि त्याचं नाव जाकार्ता ईई झालं, कोडच्या पॅकेजच्या नावात सुरुवातीला येणारं जावाएक्स पुढे वापरायची मुभा राहिली नाही, म्हणून 2020 च्या जाकार्ता ईई 9 मधे त्यातल्या सगळ्या पॅकेजची नावं बदलली. टॉमकॅट 10 आणि स्प्रिंग बूट 3 वर जायचं तर ती पॅकेज वापरणाऱ्या प्रत्येक फाइलचे इम्पोर्ट, म्हणजे वर लिहिलेली त्यांची नावं, बदला. ते टूलनं होतं, पण जुन्या रिपोर्टच्या लायब्रऱ्या जावाएक्सच मागतात, त्यांना पर्याय शोधण्यातच वेळ जातो, आणि याचे पैसे गिऱ्हाईकाकडे मागायचे कसे, त्याला तर स्क्रीनवर काहीच बदललेलं दिसत नाही.

हिंगण्याच्या एका पार्टीकडे अजून जुना जेबॉस आणि जावा 8 आहे. दरवर्षी एएमसीच्या, म्हणजे देखभालीच्या वार्षिक कराराच्या, वेळी मी अपग्रेडचं कोटेशन जोडतो, आणि दरवर्षी त्यांचे मोठे भाऊ चहा सांगून म्हणतात, चालून राहिलं ना, मग काहून हात लावता? यंदा फक्त एक केलं, तो सर्व्हर इंटरनेटवरून काढून आतल्या नेटवर्कमधे घेतला. कोटेशन त्यांच्या टेबलावर आहे.